दोन शब्द



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधे डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सूनबाईंनी कॉम्प्युटरला हात लावायला बंदी घातली. ती बंदी गेल्या आठवड्यात उठली. (उठली म्हणजे मीच उठवली.)

गेल्या महिन्यात तुळजापूरला एका शाळेत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. वयाची पंच्याहत्तरी जवळ आली की माणसाला दोनच कामं मिळतात, लग्नात अक्षता टाकायचं आणि स्पर्धेत परीक्षक व्हायचं. ३१ स्पर्धक होते, आठवी ते दहावीचे. प्रत्येकाला पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा आणि पाचव्याला शेवटची. विषय नेहमीचेच : मोबाईल शाप की वरदान, बेटी बचाव, शेतकऱ्याची व्यथा... आणि एक जरा वेगळा, 'मी अनुभवलेला पूर'.

पहिला मुलगा आला. हात मागे बांधले, मान वर केली आणि सुरू झाला. "सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान झालेले अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." दुसरी मुलगी आली, तेच. तिसरा, तेच. सातव्या स्पर्धकापर्यंत माझ्या शेजारच्या परीक्षक बाई ओठातल्या ओठात सोबतीला म्हणू लागल्या होत्या. मला हसू आवरेना. 'दोन शब्द' म्हणून पाच मिनिटं बोलायचं, आणि अजून काहीच सांगितलेलं नाही तोवर समोरच्याकडून शांत चित्ताची हमी घेऊन ठेवायची! घरात असं कुणी बोलतं का हो? पोराला भूक लागली तर ते 'सन्माननीय मातोश्री' म्हणून सुरुवात करतं का?

पण हसू फार वेळ टिकलं नाही. कारण हे वाक्य या जिल्ह्यातल्या निदान दोनतीनशे लेकरांच्या तोंडात मीच घातलेलं आहे. माध्यमिक शाळेत मराठी शिकवताना दरवर्षी स्पर्धेसाठी मुलांची भाषणं 'बसवायचं' काम माझ्याकडे असे. नाटक बसवतात तसं भाषण बसवायचं. मी लिहून द्यायचो, मुलं पाठ करायची. कुठे हात वर करायचा, कुठे मूठ आवळायची, कुठे आवाज कापरा करायचा, हे सगळं मी वहीत समासात लिहून देत असे. शाळेच्या कपाटात ढाली आल्या, मुख्याध्यापक खूश, आम्हीही खूश.

चोविसाव्या नंबरला परंड्याकडचा एक मुलगा आला. नववीतला असेल. एक हात खिशात. बाईंनी लगेच त्या रकान्यात काहीतरी खूण केली. त्याने सुरुवात केली ती अशी, "आमच्या म्हशीचं नाव राणी." मंडपात जरा हशा पिकला. त्याने हशा संपू दिला आणि मग पुढे बोलला. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात पुराने जो हाहाकार केला, सीनाकाठी तर घरंच्या घरं पाण्यात गेली, त्यातली ती गोष्ट. रात्री पाणी गोठ्यात शिरलं. वडील विळा घेऊन आत गेले आणि त्यांनी दावं कापलं. "पण ती जागची हललीच नाही. दावं तुटलंय हे तिला कळलंच नाही. रोजच्यासारखी उभी राहिली." एवढं बोलून तो थोडा थांबला. ते थांबणं बसवलेलं नव्हतं, त्याला पुढचं बोलायला जमत नव्हतं. मग म्हणाला, "लई पाणी होतं. बाबा वरी आले. एवढंच." आणि खाली जाऊन बसला. साडेतीन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मागच्या रांगेतली, सकाळपासून चिवडा खाणारी पोरंसुद्धा गप्प होती.

आमच्या गुणपत्रिकेत विषयाची मांडणी, संदर्भ, भाषाशैली, उच्चार, हावभाव आणि समारोप असे रकाने. इतर दोघा परीक्षकांनी त्याला भाषेत आणि समारोपात काही दिलं नाही. 'लई' म्हणाला, 'वरी' म्हणाला, संदर्भ एकही नाही, जय हिंद नाही. मी बराच वाद घातला. शेवटी त्याला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर मोबाईलच्या शापाला गेला.

येताना एस.टी.त खिडकीशी बसलो होतो आणि मला सारखी एक मुलगी आठवत होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिच्याविषयी आजवर कधी लिहिलं नाही, घरीही कुणाला धड सांगितलेलं नाही.

१९९६ साल असावं. मी तेव्हा उमरगा तालुक्यात नोकरीला होतो. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आपल्याकडच्यांना वेगळा सांगायला नको, पण हा ब्लॉग अमेरिकेतली भाचरंही वाचतात म्हणून सांगतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. लोक नाव किल्लारीचं घेतात, पण आपल्या जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावंही तितकीच भुईसपाट झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून पिढ्यान् पिढ्या वर माती चढवत नेलेली. तीच अंगावर आली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

ही मुलगी त्यातल्याच एका गावची. भूकंपानंतर मामाकडे राहायला आली आणि आमच्या शाळेत दाखल झाली. आठवीत असताना स्पर्धेचा विषय आला, 'नैसर्गिक आपत्ती आणि आपण'. ती स्वतःहून माझ्याकडे आली. एरवी वर्गात तोंडातून शब्द न काढणारी पोर. म्हणाली, "सर, मी बोलू का? मला माहितंय ते." मी म्हटलं, सांग बघू. आणि तिने शिक्षकखोलीच्या दारात उभं राहून सांगितलं. गणपती बुडवून आलो, लई उकडत होतं, म्हणून मी अंगणात बाजेवर झोपले. आज्जी तीनदा उठून आली आणि म्हणली, आत ये, डास चावतेत. मी गेले नाही. ती रागावून आत गेली. मग तिने जे वाक्य म्हटलं ते मला आजही शब्दशः पाठ आहे. "मी आज्जीचं ऐकलं नाही म्हणून वाचले."

मंडळी, मी मराठीचा शिक्षक होतो. बी.ए.ला मराठी घेतलेला, कवितांची रसग्रहणं करणारा. आणि मी त्या पोरीला काय म्हटलं? "हे घरगुती झालं बाळ. स्पर्धेत असं चालत नाही. मी लिहून देतो."

मी लिहून दिलं. निसर्गाचा प्रकोप, धरणीमातेचं दुभंगलेलं उदर, काळाचा क्रूर घाला... मधे भूकंप मोजायच्या यंत्राची माहिती, शेवटी शासनाच्या पुनर्वसनाचं कौतुक. तिने आठ दिवसांत पाठ केलं. सरावात एकदाही अडखळली नाही. स्पर्धेच्या दिवशी नवीन रिबिनी बांधून आली होती. व्यवस्थित सुरुवात केली, सन्माननीय व्यासपीठ, बालमित्रांनो, दोन शब्द. 'धरणीमातेच्या उदरात' इथपर्यंत आली आणि थांबली. मी खाली पहिल्या रांगेत बसून पुढचा शब्द ओठांनी सांगत होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती. कुठेच बघत नव्हती. इशाऱ्याची घंटा झाली, शेवटची घंटा झाली, तरी उभीच. मग एका बाईंनी हाताला धरून खाली आणलं. रडली नाही. मी तिला म्हटलं, "एवढं पाठ होतं ना गं तुझं!" त्यानंतर दहावीपर्यंत ती कुठल्या व्यासपीठावर चढली नाही.

असो.

आता पुतण्या परवा फोनवर विचारत होता, "काका, ऑफिसात दर सोमवारी मला सगळ्यांपुढे बोलावं लागतं. लोक मोबाईल बघत बसतात. तुम्ही एवढी वर्षं मुलांना भाषण शिकवलंत, काहीतरी युक्ती सांगा." त्याला म्हटलं, मी जे शिकवलं ते विसर आणि मी जे उशिरा शिकलो ते लिहून पाठवतो. हे जे लिहितोय त्यातलं निम्मं त्याच्यासाठीच आहे.

आमच्या तरुणपणी वक्ता म्हणजे प्राचार्य शिवाजीराव भोसले. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे आपल्या मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हातात कागद नाही, आवाज चढवणं नाही. संथ, एकेक वाक्य तोलून. आम्ही मित्र त्यांना ऐकायला एस.टी.ने सोलापूरपर्यंत जायचो आणि परत आल्यावर हुबेहूब त्यांच्यासारखं थांबत थांबत बोलायचो. फरक एवढाच, की ते थांबायचे तेव्हा पुढचा विचार येत असे आणि आम्ही थांबायचो तेव्हा काहीच येत नसे. नक्कल करणाऱ्याला वक्त्याचा आवाज आणि त्याची शाल तेवढी घेता येते. त्या वाक्यामागचं वाचन कुठून आणणार?

दुसरे नरहर कुरुंदकर. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे. त्यांची मनुस्मृतीवरची व्याख्यानं पुस्तकरूपात आहेत, जरूर वाचा. मनुस्मृती त्यांना मान्य नाही, पण तिचे समर्थक काय काय म्हणतात ते कुरुंदकर स्वतःच एकेक करून समोर ठेवतात, आणि मग उत्तर देतात. ऐकणाऱ्याच्या मनात जी शंका उठणार ती वक्त्यानेच आधी बोलून दाखवली की ऐकणारा हातातली काठी खाली ठेवतो. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला एका कार्यक्रमात व्यासपीठावरच ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. ती बातमी आली तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत दिवसभर कुणी फारसं बोललं नव्हतं.

हे सगळं मी वाचलं होतं, वर्गात सांगतही होतो. पण ते अंगात उतरलं नव्हतं. उतरायला निवृत्ती घ्यावी लागली.

निवृत्त होऊन मी गावी राहायला आलो. गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर फाट्यापर्यंत दोन किलोमीटर चालत जायचं आणि तिथून एस.टी.ने तालुक्याला. मुलगे जात, मुलींची शाळा सातवीला संपे. मग दोन-तीन वर्षांत लग्न. २०११ च्या सुमारास आमच्या मुख्याध्यापकांनी मला गळ घातली, की सर, ग्रामसभेत तुम्ही बोला, तुमचं लोक ऐकतील.

मी आठ दिवस तयारी केली. चाळीस मिनिटं बोललो. सावित्रीबाई, जिजाऊ, अहिल्याबाई, एक मूल शिकलं तर एक व्यक्ती आणि मुलगी शिकली तर कुटुंब, सगळं. टाळ्या काय पडल्या म्हणता! सरपंचांनी शाल घातली. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. जूनमध्ये शाळा उघडली आणि फाट्यावर गावातली एकही मुलगी उभी नव्हती. एकही नाही. डोळे पुसणाऱ्या गृहस्थांच्या नातीचंसुद्धा नाव कुठे घातलं नव्हतं.

मला राग आला. गावच अडाणी, आपण बोलून उपयोग नाही, अशा थाटात महिनाभर घरात बसलो. मग आमची ही म्हणाली (आता ती नाही, पण तिचं म्हणणं असं सरळ असायचं), "तुम्ही त्यांना सांगून आलात. विचारलं काय?"

खरंच विचारलं नव्हतं. मग मी संध्याकाळी मारुतीच्या पारावर जाऊन बसायला लागलो. पहिले काही दिवस लोक मला बघून बोलणं बदलत. "या सर, कुठं निघालाव?" एवढंच. हळूहळू सैल झाले. आणि कळलं ते असं, की मुलीने शिकू नये असं म्हणणारे घरटी कुणी नव्हतेच. अडचण गाडीची होती. परतीची गाडी फाट्यावर सातच्या पुढे यायची. हिवाळ्यात तोवर काळोख. फाट्यापासून गावापर्यंत दिवा नाही, मधे ओढा, आणि ओढ्याजवळ संध्याकाळी पिणारे बसलेले. ज्या बापाला हे दिसतं आहे, त्याला मी सावित्रीबाई सांगत होतो. त्याने टाळ्या वाजवल्या त्या सावित्रीबाईंसाठी. माझं त्याला काही पटलेलं नव्हतं, कारण त्याच्या प्रश्नाला मी हातच घातला नव्हता.

पुढच्या ग्रामसभेला मी कागद नेला नाही. शालही नको म्हणून आधीच सांगितलं. उभा राहिलो आणि विचारलं, "परतीची गाडी फाट्यावर किती वाजता येते?" कुणीतरी म्हणालं, सात. दुसरा म्हणाला, सात कुठली, साडेसात होतात. "आणि ओढ्यापाशी कोण बसतं?" यावर हशा झाला, कारण बसणाऱ्यांपैकी दोघे तिथेच होते. मी म्हटलं, "तुम्ही मुलींना पाठवत नाही यात तुमचं काही चूक नाही. माझी नात असती तर त्या वाटेनं अंधारात मीही पाठवली नसती." सभा एकदम शांत झाली. मागे उभे असलेले लोक पुढे येऊन बसले. मग मी म्हटलं, आता सांगा, काय केलं तर पाठवाल?

यानंतर मी फारसं बोललोच नाही. लोकच बोलले. मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे हे निम्म्यांना माहीत नव्हतं, ते कळलं. रोज दोन बापांनी पाळीने बॅटरी घेऊन फाट्यावर जायचं ठरलं. ओढ्यावरच्या दोघांपैकी एकाची मुलगी सातवीत होती, त्याने पहिली पाळी स्वतःकडे घेतली. त्या वर्षी उशिरा का होईना, सहा मुली आठवीला गेल्या. फार मोठा आकडा नाही. पण त्या सहांमधली एक आज सोलापूरला नर्स आहे.

माझं हे विचारणं काही नवीन नव्हतं. गाडगेबाबांनी जन्मभर तेच केलं. त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला पोलीस ठाण्यात केलेलं, आणि पुढच्याच महिन्यात २० तारखेला बाबा गेले. ऐकून बघा. ते विचारतात आणि लोक उत्तर देतात, पुन्हा विचारतात, पुन्हा उत्तर. कर्जाचं, दारूचं, लेकराच्या शाळेचं. ऐकणाऱ्याला वाटतं हे आपणच म्हणालो. आणि आपणच म्हटलेलं नाकारायचं कसं?

तेरला संत गोरोबाकाकांची एक कथा सांगतात, तुम्हाला ठाऊकच असेल. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईने विचारलं, काका, ही मडकी कच्ची की पक्की? काका कुंभार, त्यांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. लहानपणी मला या कथेत नामदेवांचीच बाजू बरोबर वाटायची, एवढा मोठा संत आणि डोक्यात थापटणं! पण सभेत उभं राहिल्यावर मला ती वेगळी कळायला लागली. थापटणं समोर बसलेल्यांच्या हातात असतं. कुणी जांभई देतो, कुणी चप्पल शोधतो, कुणी उठून पाणी प्यायला जातो. त्यावर चिडायचं नाही, आपला आवाज ऐकायचा, बद्द येतोय की खणखणीत.

पुतण्यासाठी आता काही किरकोळ गोष्टी. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य डोक्यात पक्कं करून जा, मधलं पाठ करू नकोस. पाठ केलेलं भाषण म्हणजे काठाकाठाने पोहणं, एक दगड निसटला की गेलं. मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार-पाच शब्द लिहून नेतो, वाक्यं लिहीत नाही. जो सगळ्यात मागे बसलाय त्याच्याशी बोल, पुढच्यांना आपोआप ऐकू जातं. माईक हनुवटीच्या जरा खाली ठेव आणि त्यात फुंकर मारू नकोस, "हॅलो हॅलो, मागे आवाज येतोय का" हेही नको, मागच्यांच्या चेहऱ्यावर कळतं. आकडा सांगायचा तर एकच सांग. जेवणाच्या आधीची वेळ मिळाली तर निम्म्यात आटोप. २०२० च्या जानेवारीत आपल्या गावी, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी तिन्ही दिवस मांडवात होतो. परिसंवादांत कोण कागद वाचतोय आणि कोण बोलतोय हे डोळे मिटूनही ओळखू येत होतं, आणि भुकेल्या श्रोत्यांचं काय होतं तेही तिथे बघितलं. आणखी एक, कवळी नवीन असेल तर तोंडात रुळल्याशिवाय भाषण स्वीकारू नये. मी एकदा 'स्वातंत्र्यसंग्राम' म्हणताना शिट्टी वाजवली होती. (हे अर्थात पुतण्याला नको, माझ्या वयाच्या ब्लॉगर मित्रांसाठी.)

स्वातंत्र्यसंग्रामावरून आठवलं. दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत माझं भाषण ठरलेलं. निजाम, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, पोलीस कारवाई, सनावळ्या. मुलं उन्हात उभी राहून पायाने माती उकरत. एका वर्षी आमच्या शिपायाचे वडील सहज आले होते, त्यांना दोन मिनिटं बोला म्हटलं. ते नळदुर्गाकडचे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी नळदुर्ग घेतला, हे मी दरवर्षी सांगतच होतो. म्हातारबा म्हणाले, "मी तवा तुमच्याएवढा. बैलं घेऊन रानात होतो. आवाज आला, मला वाटलं आभाळ गरजतंय. वर बघितलं तर ढग न्हाई." बस, मुलांची माती उकरायची थांबली. मला त्या दिवशी त्यांचं कौतुक वाटलं, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा सनावळ्याच सांगितल्या. माणूस किती सावकाश शिकतो बघा.

तुळजापूरहून आल्यावर चार दिवस मन लागेना. शेवटी त्या १९९६ च्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून तिचा नंबर मिळवला आणि फोन लावला. शेती बघते, दोन मुलं, मोठा डिप्लोमाला. आवाज ओळखला तिने लगेच. "सर, तब्येत बरी हाय ना?" मी बरीच इकडची तिकडची बोललो. बचत गटाचं काम करते म्हणाली, बँकेत साहेबापुढं बोलायचं असलं की बाया मलाच पुढं करतेत. मग मी तो विषय काढला. म्हटलं, तू त्या दिवशी विसरलीस त्यात तुझी चूक नव्हती, माझी होती.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी विसरले नव्हते, सर. सगळं पाठ होतं, अजूनबी थोडं येतं. 'उदरात' म्हणलं आणि आज्जी दिसली. मग पुढचं म्हणावंसंच वाटेना."

मी विचारलं, "माझा राग आला होता का गं?"

"तवा नाही आला." हसली. "दुसऱ्या वर्षी आला. तुम्ही तेच भाषण दुसऱ्या पोरीला दिलं. तिचा नंबरबी आला."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. तिला म्हटलंही, की नसेल गं, तुझा काहीतरी घोटाळा होतोय. ती म्हणाली, असंल सर, लई वर्षं झाली. मग तिने मुलाच्या ॲडमिशनचं विचारलं, मी माहिती काढून सांगतो म्हटलं, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी नातवाला माळ्यावर चढवून जुन्या वह्यांची पेटी खाली काढली. भाषणांच्या वह्या मी सगळ्या ठेवल्यात, वर्षवार. 'नैसर्गिक आपत्ती आणि आपण' हे पान सापडलं. वर तिचं नाव एका रेघेने खोडलेलं आहे आणि खाली दुसऱ्या मुलीचं लिहिलेलं. अक्षर माझंच. शेजारी लाल शाईत, 'द्वितीय'.